आईचा शालू

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून जरा टेकले होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. बघते तर कुडाळहून वहिनी! दिवाळी-पाडव्याच्या शुभेच्छा सोडल्या तर आमच्यात फारसं बोलणं उरलं नव्हतं. कुणाचं काही बरं-वाईट तर नाही ना, या धास्तीनंच फोन घेतला. वहिनी म्हणाली, "वन्सं, आईंचा तो शालू तुमच्याकडे आहे का हो अजून? इथला गेला."

शालू म्हणजे साडी नव्हे बरं का मैत्रिणींनो! आमच्या आईनं एका झाडाला ठेवलेलं ते नाव. नर्सरीत त्याला कोलियस म्हणतात. तुम्हीही पाहिलं असेल. गुडघ्याएवढं रोप, कडेला करवतीसारखे दाते असलेली मऊ पानं, आणि त्या पानांवरच सगळी रंगपंचमी. कुणाचं पान किरमिजी, कुणाचं पोपटी, कुणाच्या पानावर गुलाबी शिंतोडे. आईकडचं होतं ते मधे गर्द मरून आणि कडेला बारीक पोपटी काठ. "शालूचा पदर पसरल्यासारखा दिसतो की नाही?" ती म्हणायची. आईच्या लग्नातला शालू घरच्या अडचणीत कधीच विकला गेला होता. हा मात्र न्हाणीघराच्या भिंतीकडेला, नारळाच्या सावलीत, सांडपाण्यावर वर्षानुवर्षं डवरलेला असायचा.

तीन शेंडे घेऊन निघाले

आई २०१७ साली गेली. २०१९ मध्ये घराच्या कागदपत्रांचं काम निघालं आणि हक्कसोडपत्रावर सही करायला मी कुडाळला गेले. मुलीचा हक्क कायद्यानं असतो हे मला ठाऊक होतं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. पण "तुला काय वाटतं?" असं कुणी विचारलंही नाही. कागद तयार होता, बोट ठेवलेल्या जागी मी सही केली. घरी येऊन चहा प्यायले, आणि निघताना काय वाटलं कोण जाणे, न्हाणीघरामागे जाऊन शालूचे तीन शेंडे खुडले. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापलं, तळाशी दोन बोटं पाणी घेतलं, त्यात ते खोचले. कुडाळ ते कोल्हापूर आणि कोल्हापूर ते बार्शी, दोन एसट्या बदलून ती बाटली मांडीवर घेऊन आले. माहेरून आणलेली तेवढीच वस्तू!

कोकणात हे झाड कुणी 'लावत' नाही, ते आपसूक वाढतं. पण बार्शीत? इथलं ऊन वेगळं, पाणी वेगळं, मातीही वेगळी. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली चूक मातीची

पहिला शेंडा मी अंगणातल्या मातीत खोचला. आमची माती काळी, चिकण. ज्वारीला सोनं, पण कुंडीत ती पाणी धरून बसते. कोलियसची मुळं नाजूक. त्यांना ओल हवी, चिखल नको. पंधरा दिवसांत देठ खालून काळा पडला आणि रोप मान टाकून मोकळं झालं. मी बावळट! मान टाकली म्हणजे तहानलंय असं समजून आणखी पाणी घातलं. आईकडची जांभ्याची तांबडी माती पाणी झरझर सोडायची, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आता मी दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण करते. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवते. पाणी द्यायच्या आधी मातीत बोटाचं एक पेर घालून बघायचं. वरचा थर सुकला असेल तरच पाणी. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं. उन्हाळ्यात कधी कधी माती ओली असूनही भरदुपारी पानं लवंडतात. अशा वेळी घाई करू नका, संध्याकाळी ती आपोआप ताठ होतात. माती ओली असून सकाळीही पानं मरगळलेली दिसली, तर मात्र मुळाशी कूज धरलीय असं समजा.

दुसरी चूक उजेडाची

दुसरा शेंडा जगला. त्याचं रोप झालं. मग मला वाटलं, एवढं देखणं झाड, हॉलमध्ये टीव्हीजवळ मिरवावं! महिन्याभरात त्याची रया गेली. देठ लांबुडके, पानं एकमेकांपासून दूर, आणि मरून रंग जाऊन सगळं हिरवट. मी घाबरून ते गच्चीत नेऊन ठेवलं, तेही एप्रिलमध्ये! दोन दिवसांत पानं पांढुरकी होऊन कडेनं करपली.

यामागचं कारण मग समजलं. पानात हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि लाल-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. जांभळाला त्याच जातीच्या रंगद्रव्यांनी रंग येतो. उजेड कमी पडला की झाड अन्न बनवण्याच्या मागे लागतं, हिरवं वाढवतं आणि लाल रंगाला कात्री लावते ना आपण तंगीत हौसेला, तशी कात्री लावतं. उलट कडक उन्हात पानाचे रंग विटतात. म्हणून जागा अशी हवी की सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळेल आणि नंतर भरपूर उजेड, पण थेट ऊन नाही. पूर्वेची खिडकी किंवा ओसरीची कड सगळ्यात उत्तम. झाड एका बाजूला झुकू नये म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी फिरवा. जागा बदलायची असेल तर हळूहळू, आठ-दहा दिवसांत बदला.

थंडीचंही भय आहे याला. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जायला लागला की मी कुंड्या रात्री आत घेते आणि पाणी कमी करते.

तुळशीचं भावंडं, पानओव्याचं सख्खं

या झाडाचं मूळ आग्नेय आशियातल्या उष्ण, दमट प्रदेशात, इंडोनेशियाच्या बाजूला. देठ नीट चाचपून बघा, गोल नाही, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि वर निळसर-जांभळ्या बारीक फुलांचा तुरा. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच! वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७६३ साली याला चक्क तुळशीच्याच गटात घातलं होतं. पुढे ते वेगळं काढलं, पण कुळ एकच. भज्यांसाठी आपण लावतो तो पानओवा तर त्याहून जवळचा, एकाच घरातला. मात्र हौसेनं कोलियसची भजी करायला जाऊ नका हं! ते शोभेचंच. कुत्र्या-मांजरांच्या पोटालाही ते बाधतं, म्हणून घरात मनीमाऊ असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

एकोणिसाव्या शतकात हे झाड युरोपात पोचलं आणि १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकांना त्याचं अक्षरशः वेड लागलं. नव्या रंगाच्या रोपांचे लिलाव व्हायचे म्हणे! शास्त्रज्ञांनीही त्याला गप्प बसू दिलं नाही. आधी कोलियस, मग सोलेनोस्टेमॉन, मग प्लेक्ट्रान्थस अशी नावं बदलत राहिली. लग्नानंतर आपलं बदलतं, अगदी तसं! शेवटी २०१९ मध्ये अभ्यासकांनी त्याला पुन्हा कोलियस हे जुनंच नाव दिलं. मी सही केली ते हेच वर्ष. झाडाला माहेरचं नाव परत मिळालं, हे वाचून मी एकटीच हसले होते.

खुडल्याशिवाय फुटत नाही

आईची शालूवर कात्री सतत चालायची. लहानपणी मी रडायचे, एवढं छान झाड का तोडतेस म्हणून. ती म्हणायची, "अगो, मोडल्याशिवाय ता फुटाचा नाय!" तिचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. शेंड्याची वाढ चालू असते तोवर खालचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा खुडला की त्याखालच्या पानांच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात आणि झाड भरगच्च होतं. तुरा आला की आपण तुळशीची मंजिरी खुडतो तसा तोही लगेच खुडायचा, नाहीतर सगळी ताकद बियांत जाते आणि पानं बारीक होतात.

आणखी एक. कितीही जपलं तरी हे झाड वर्षा-दोन वर्षांत म्हातारं होतं. बुंधा लाकडासारखा टणक, खालची पानं गळलेली. तिथे खतपाणी करून उपयोग नाही. त्याआधीच फांद्या घेऊन नवी रोपं करायची. म्हणजे आईकडे चाळीस वर्षं जो 'तोच' शालू होता, तो खरं तर कितीतरी वेळा नव्यानं लावलेला होता!

मला हे उशिरा कळलं. मी माझं झाड देवासारखं जपत बसले. शेजारच्या काकूंना तिसरा शेंडा दिला होता तेवढाच. पुढे कुणी फांदी मागितली तर जिवावर यायचं. माहेरचं एवढंच तर आहे, असं वाटायचं. २०२२ मध्ये लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर पुण्याला गेले. परत येऊन बघते तर कुंडीत वाळलेली काटकी! पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके, म्हणजे पिठ्या ढेकूण लागून गेला होता, आणि त्यात पाण्याचे हाल. मी पायरीवरच बसले. काकू काहीच बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि त्यांच्या झाडाच्या चार फांद्या ओंजळभर घेऊन आल्या. मी दिलं होतं, म्हणून ते उरलं होतं.

तेव्हापासून आमच्या गल्लीत शालू नाही असं घर विरळाच! भिशीला गेले तर फांदी, हळदीकुंकवाला वाण म्हणून रोप. प्रत्येकीला सांगते, तुमचं जगलं तर माझंही जगेल.

वहिनीला काय सांगितलं?

तर वहिनीच्या फोनवर मी म्हटलं, "आहे की! कसा गेला तिथला?" अंगणात फरशी घातली, त्यात न्हाणीघरही पाडलं, म्हणाली. तेव्हा काही वाटलं नाही, पण परवा आईंच्या श्राद्धाला दादा मागे जाऊन उगाच उभे राहिले होते. जरा थांबून म्हणाली, "गणपतीला तुम्हीच घेऊन या ना. तुमची खोली तशीच आहे."

सहीबद्दल ती काही बोलली नाही, मीही काढलं नाही. पुढे कधी बोलू की नाही, सांगता येत नाही. पण त्याच संध्याकाळी पाच शेंडे कापून काचेच्या बरणीत ठेवले. स्वयंपाकघराच्या खिडकीत आता त्यांना पांढरीशुभ्र मुळं फुटलीयत. दोन एसट्यांचा प्रवास आहे, म्हणून पाचातले दोन वाटेत गेले तरी चालतील असा हिशेब ठेवलाय!

फांदीपासून रोप, असं करा

• निरोगी, तुरा न आलेली चार बोटं लांबीची फांदी पेराच्या जरा खाली कापा. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा.

• काचेच्या ग्लासात पेर बुडेल एवढंच पाणी घ्या. पानं पाण्यात नकोत. ग्लास उजेडात, पण उन्हात नको. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला.

• आठ ते पंधरा दिवसांत मुळं फुटतात. ती दीड-दोन इंचांची झाली की कुंडीत लावा, आठवडाभर सावलीत ठेवा.

• रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. खुडलेला शेंडा फेकू नका, तेच पुढचं रोप!

• महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत पुरे. खत जास्त झालं तर पानं मोठी होतात, पण रंग फिके पडतात.

• पिठ्या ढेकूण थोडा असेल तर ओल्या कापसानं पुसून काढा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा फवारा.

• गावाला जाण्याआधी दोन फांद्या शेजारणीकडे ठेवून जा!