शरीराचे औषध इथे, मनाचे ठाण्याला

बोईसर स्टेशनाबाहेर किंवा पालघरच्या एस. टी. स्थानकाच्या भिंतीला टेकून बसलेला, अंगावर चिंध्या आणि पायाला माशा घोंगावणारी जखम, असा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आपण त्याला ‘वेडा’ म्हणतो आणि आपली गाडी गाठतो. कामगारांत उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याच्या मनात मात्र पहिला प्रश्न येतो तो असा, की हा गृहस्थ पूर्वी कोणत्या खात्यात कामाला होता?

प्रश्न विक्षिप्त वाटेल. पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले जिणे डोळ्यांपुढे आणा. रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने. आणि त्यांत ठेकेदारामार्फत आलेला परप्रांतीचा तरुण. समजा, त्याचा हात भाजला. हजेरी बंद झाली की खोलीही बंद. गावी पैसे धाडता येत नाहीत म्हणून फोन करायची लाज वाटते. झोप उडते, दारू वाढते. एखाद्याच्या अंगात दबा धरून बसलेला आजार उफाळतो आणि त्याच्या कानी आवाज येऊ लागतात. वर्षभरात तो फलाटावर येतो. सगळेच असे येतात असे मी म्हणत नाही. काही जण आजारामुळेच घर सोडून भटकत येतात. पण दोन्ही वाटा शेवटी त्याच भिंतीपाशी मिळतात.

आता हा माणूस कोणी भल्या गृहस्थाने सरकारी दवाखान्यात नेला. जखम धुतली जाते, पट्टी होते. तो असंबद्ध बोलतो म्हणून हाती चिठ्ठी मिळते: ‘ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखवावे.’ १९०१ साली सुरू झालेले ते रुग्णालय आपल्या परिसरातल्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. पण बोईसरहून दादर, तिथे गाडी बदलून ठाणे, हा प्रवास ज्याला आज वार कोणता हे कळत नाही, ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नाहीत आणि सोबत माणूस नाही, त्याने कसा करावा? चिठ्ठी देणाराला वाटते आपले काम झाले. माझ्या मते तिथेच रोगी हरवतो.

वास्तविक शरीर आणि मन यांची अशी वाटणी करताच येत नाही. रोज पिणारा माणूस जखमेसाठी दाखल झाला की दारू एकाएकी तुटते. दोनतीन दिवसांत हात कापू लागतात, कोणाला फिट येते, कोणाला भास होतात. वॉर्डात बोभाटा होतो की पेशंट दंगा करतो. अहो, तो दंगा नव्हे, तोच रोग! त्यावर औषध आहे, आणि ते न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. क्षयाचेही तसेच. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. पण लोक आपल्याला विष घालतात अशी ज्याची खात्री झाली आहे, तो गोळी गिळेल कशी? आधी ती भीती उतरवावी लागेल, आणि तीही गोळी देणाऱ्याच जागी.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने रस्त्याकडेला करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण पाहिला आणि त्याला उपचाराला नेले. तो पदवीधर निघाला. त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे कर्जतला तिचे केंद्र झाले, आणि तिथून बरे झालेले हजारो लोक आपापल्या घरी पोचले. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गोव्यात तर साध्या दवाखान्यांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून खिन्नतेच्या रोग्यांना आधार देण्याचा प्रयोग झाला. सरकारी दवाखान्यांत त्याचा चांगला उपयोग झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या बोस्टन शहरी १९८५ मध्ये बेघरांसाठी काम सुरू झाले, तेव्हा जिम ओकॉनेल या तरुण डॉक्टराला तिथल्या परिचारिकांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून आधी बेघरांचे पाय धुवायला बसवले. पाय धुता धुता माणूस बोलू लागतो, हे त्या बायांना पक्के ठाऊक होते.

आणि हे दयेवर सोडलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम १८ सांगते की मानसिक आरोग्याची सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत प्रत्येक पातळीवर मिसळावी, आणि निराधार व बेघर मनोरुग्णाला ती विनामूल्य मिळावी. दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी गरिबाचा हक्क जात नाही. कलम १०० पोलिसांना सांगते की असा भटकणारा माणूस स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसल्यास त्याला संरक्षणात घ्यावे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत पोचवावे, आणि कोठडीत ठेवू नये. जवळच्या, असा शब्द आहे.

कामगारांसाठी आणखी एक गोष्ट. राज्य विम्याच्या दीर्घ आजारांच्या यादीत मनोविकृतीही आहे. सलग दोन वर्षे विम्याखाली नोकरी झाली असेल व वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर वाढीव आजारभत्ता मिळतो. ठेकेदाराच्या माणसाचीही वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर असते. म्हणून कामगार ‘विचित्र वागतो’ म्हणून फाटकावर अडवला गेला, की त्याच दिवशी युनियनने त्याचा विम्याचा नंबर काढून त्याला डॉक्टरापुढे उभे करावे. खोलीचे भाडे थकण्यापूर्वी.

नगरपरिषदेकडे आणि दवाखान्याकडे मागणे फार मोठे नाही. पट्टी बदलण्याच्या दिवशी त्याच खोलीत एक समुपदेशक बसावा, मनाची साधी औषधे त्याच खिडकीवर मिळावीत, तज्ज्ञाचा सल्ला लागला तर डॉक्टरने फोनवर घ्यावा, रोग्याला पाठवू नये. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरावर २०२२ पासून आहे. पण तो फोन लावायलाही जवळ बसलेला कोणी लागतो. पट्टी करणारी नर्स एकदा विचारील, ‘बाबा, रात्री झोप लागते का?’ या प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो.