पाळण्यांतलें नांव आणि परदेशची कचेरी

परदेशीं नोकरीस गेलेल्या मुलांच्या घरीं पाळणा हलावयाचा झाला म्हणजे इकडे आजीआजोबांची तयारी सुरू होते. डिंकाचे लाडू, झबलीं, कुंची, गोधडी यांची यादी होते. कागदांची यादी मात्र कोणी करीत नाहीं. आम्हींहि केली नव्हती. त्याचें फळ काय मिळालें तें सांगितल्यास, ज्यांच्या घरीं असा योग जवळ आला असेल त्यांस उपयोग होईल, म्हणून हें लिहीत आहों.

आमचा मुलगा व सूनबाई तीन वर्षें जर्मनींत होतीं. २०२४ च्या ऑगस्टअखेर आम्ही उभयतां तेथें पोहोंचलों. आमच्या परवान्याची मुदत नव्वद दिवसांची. ९ सप्टेंबरला नात झाली. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुईण रोज घरीं येऊन बाळबाळंतिणीस पाहून जात असे, आणि तिचा खर्च विम्यांतून होत असे. हें पाहून आमच्या मंडळींस त्या देशाचें फार कौतुक वाटलें. कागदांचा प्रश्न निघाला तेव्हां तें कौतुक किंचित् ओसरलें.

जर्मनींत जन्मलेलें मूल जर्मन, असा आमचा भोळा समज होता. तेथील कायदा निराळा आहे. आई किंवा बाप निदान पांच वर्षें त्या देशांत कायदेशीर राहिलेला असावा व त्यास कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असावा, तरच परकीयांचें मूल जन्मतः तेथील नागरिक होतें. २७ जून २०२४ पूर्वी तर ही मुदत आठ वर्षांची होती. बरें, मूल आपोआप भारतीय म्हणावें, तर तेंहि नाहीं. आपल्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यांत मागाहून झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशीं जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आंत आपल्या वकिलातींत करावी लागते, आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाहीं असें आईबापांनीं लिहून द्यावें लागतें. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी हवी. मधल्या काळांत पोर कागदोपत्रीं कोणाचीच नव्हे. त्रिशंकूची कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली असेल. परंतु त्रिशंकु पाळण्यांत निजलेला प्रथमच पाहिला.

सर्व कांहीं एका जन्माच्या दाखल्यावर अडलेलें. तो देणाऱ्या कचेरीस तिकडे श्टान्डेसआम्ट म्हणतात. जन्माची वर्दी आठवड्याच्या आंत तेथें जावी लागते. नांव मात्र महिन्याच्या आंत कळविलें तरी चालतें. तिसऱ्या दिवशीं इस्पितळांतील बाईंनीं नांवाचा रकाना दाखविला, तेव्हां सूनबाईंनीं तो कोरा ठेविला. बाराव्या दिवशीं आमच्या मातुःश्रींनीं, वय वर्षें ८९, कृष्णाकांठच्या आमच्या घरांतून दूरध्वनीच्या पडद्यावर नांव सांगितलें. त्यांचें एकच मागणें होतें : "अरे, तिला लवकर आण. माझा कांहीं भरंवसा नाहीं."

आणि घोटाळा झाला तो आमच्यामुळें. कचेरीनें आईबापांचे जन्मदाखले, विवाहाचा दाखला व त्या सर्वांचीं शपथबद्ध भाषांतरकारानें केलेलीं भाषांतरें मागितलीं. मुलाचा जन्मदाखला पाहून तेथील बाई थबकल्या. त्यावर नांव पाळण्यांतलें, पासपोर्टावर निराळें. शाळेंत घालतांना आम्हींच नांव बदललें होतें, आणि नगरपालिकेंतील नोंद बदलावयास मात्र गेलों नव्हतों. दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले तपासण्यांत ज्याची हयात गेली त्याच्याच घरचा दाखला असा निघावा! बाई म्हणाल्या, पित्याची ओळख सिद्ध झाली नाहीं असा शेरा मारून नोंदीचा उतारा देतां येईल. पूर्ण दाखला हवा असल्यास पुरावा आणा. मुलगा आम्हांस एक शब्दहि बोलला नाहीं. तो बोलला असता तर बरें वाटलें असतें.

१९६१ च्या हेग येथील कराराप्रमाणें अपोस्टीय नांवाचा शिक्का घेतला कीं दाखला परदेशीं चालतो, असें येथें पुष्कळ जण सांगतात. भारत त्या करारांत २००५ सालीं आला हें खरें. पण जर्मनीनें त्यास हरकत घेतली असल्यामुळें या दोन देशांमध्यें तो शिक्का चालत नाहीं. शंका आल्यास जर्मन वकिलातीमार्फत इकडे चौकशी होते, आणि तींत महिने जातात. म्हणून पैसे खर्चण्यापूर्वीं ज्या कचेरीस दाखला हवा तिलाच विचारावें.

नोव्हेंबरअखेर आमची मुदत भरली व नातीवांचून परत आलों. मातुःश्रींस छायाचित्रें दाखविलीं. त्यांनीं तीं पाहिलीं व बाजूस ठेविलीं.

दुसऱ्याच दिवशीं शाळेंत गेलों. जुनें जनरल रजिस्टर माळ्यावरून काढविलें. शेऱ्याच्या रकान्यांत, आमच्याच अक्षरांत, मुलाचें पूर्वीचें नांव लिहिलेलें होतें! तें लिहिल्याचें आम्हांस स्मरत नव्हतें. त्या पानाचा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा उतारा, आणि दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असें आमचें प्रतिज्ञापत्र, दोन्ही रवाना केलीं. तिकडे भाषांतर झालें, आणि डिसेंबरच्या मध्यास पूर्ण दाखला मिळाला. पुढें वकिलातींतील नोंद व पासपोर्ट यांत फेब्रुवारी गेला. मुलीच्या वास्तव्य-परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आंत करावयाचा असतो, तोहि मुदतींत झाला. जर्मन सरकारचा बालकभत्ता, २०२४ सालीं दरमहा २५० युरो, मागील सहा महिन्यांपर्यंतचा मिळतो, त्यामुळें तेवढें नुकसान टळलें.

पासपोर्टाच्या छायाचित्राची कथा निराळीच. डोळे उघडे हवे, तोंड मिटलेलें हवें, मागें पांढरें हवें, आणि धरणाराचा हात दिसतां कामा नये. कुंची घालूं नये हें सांगावयास नकोच. पांढऱ्या चादरीवर निजवून एकवीस छायाचित्रें काढलीं, तेव्हां एक उतरलें.

३० मार्च २०२५ रोजीं, गुढीपाडव्यास, नात घरीं होती. पणतीच्या मुठींतून मातुःश्रींच्या मस्तकावर सोन्याचीं फुलें उधळलीं. मग त्यांनीं पासपोर्ट मागून घेतला, चष्मा लावून पाहिला, आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलें.

"हा अंगठा कोणाचा?"

"तिचाच."

"माझ्या सासूबाईहि अंगठाच उठवीत," असें म्हणून त्यांनीं तो मिटून आमच्या हातीं दिला व पोरीला मांडीवर घेतलें.