बाबांचा जिना आणि माझी खुर्ची

आमच्या घरी खुर्चीला फार मान होता. माझे वडील बेस्टच्या बसवर कंडक्टर. १९५७ साली लागले आणि १९९० साली निवृत्त झाले. त्यातली बरीचशी वर्षे डबल-डेकरवर गेली. एका हातात तिकिटांची पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात पंच, खांद्याला चामड्याची पिशवी आणि पायांखाली हलणारी बस! रात्री घरी आले की आई घमेल्यात कोमट पाणी आणून ठेवी. त्यात पाय सोडून बाबा म्हणत, "मी उभा राहिलो तेवढे पुरे. माझा मुलगा पंख्याखाली, खुर्चीवर बसेल."

आणि मुलगा बसला! १९८३ साली मला बँकेत नोकरी लागली तेव्हा बाबांनी साऱ्या चाळीत पेढे वाटले. चहा जागेवर येई, कागदपत्रे जागेवर येत. पुढे स्वतःचा ब्लॉक झाला, त्याला लिफ्टही होती. २०१५ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, एके सकाळी दाढी करताना छातीत कळ आली. हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली होती. अँजिओप्लास्टी झाली. त्र्याऐंशी वर्षांचे बाबा मला भेटायला आले, ते लिफ्टसमोरची रांग पाहून दोन मजले चढून! खुर्ची पुढे केली तरी खाटेशी उभेच राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदाच खुर्चीची शरम वाटली.

आता, एका बापलेकाच्या गोष्टीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. मी सिगारेट ओढत असे. बाबांनी विडीलाही हात लावला नाही. पण माझ्या डॉक्टरांनी हसून विचारले, "वडील कंडक्टर होते म्हणता? मग लंडनच्या कंडक्टरांची हकीगत ठाऊक आहे का?"

ती हकीगत अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकार वाढू लागला होता आणि कारण उमगत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांकडे लक्ष वळवले. बस एकच, शहर एकच, पगारातही फार अंतर नाही. पण ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ बसून, तर कंडक्टर डबल-डेकरच्या जिन्याच्या दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे-उतरे. पस्तीस ते चौसष्ट वर्षांच्या सुमारे ३१,००० कामगारांची नोंद तपासली. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. वर्षाला दर हजारी २.७ ड्रायव्हरांना हृदयविकार जडत होता, कंडक्टरांत १.९ जणांना. शिवाय कंडक्टरांचा विकार सौम्य असे, आणि लगेच मृत्यू येण्याचे प्रमाणही त्यांच्यात निम्मेच होते.

कोणी म्हणेल, ड्रायव्हरच्या डोक्याला रहदारीचा ताप असतो, त्याचे काय? मॉरिस यांनी टपाल खातेही पाहिले. तेथे रहदारीचा प्रश्न नव्हता. तरी पायी वा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुखरूप आढळले.

एवढ्यावर गृहस्थ थांबले नाहीत. त्यांनी बसवाल्यांच्या गणवेशांची मापे मागवली! ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मोठ्या होत्या, आणि त्या नोकरीत शिरतानाच मोठ्या होत्या. म्हणजे जाडी माणसे आधीच ड्रायव्हर होत असतील, तर श्रेय जिन्याला कसे द्यावे? स्वतःच्याच शोधाला अशी आडवी शंका विचारणारा माणूस मला फार आवडला. पण सडपातळ, मध्यम, स्थूल असे गट पाडून पाहिले, तेव्हा प्रत्येक गटात अचानक मृत्यूचे प्रमाण कंडक्टरांतच कमी निघाले. १९५६ साली हेही छापून आले. पुढे देशोदेशी झालेल्या पाहण्यांनी हीच दिशा दाखवली.

याचे मर्म साधे आहे. हृदय हा स्नायूच. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाचे एक लाखावर ठोके होतात. नियमित हालचालीने हृदय बळावते, एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते. विसाव्याचे ठोके साठावर आले, तर दिवसाला चौदा हजारांहून अधिक ठोके वाचतात. रक्तदाब उतरतो, रक्तातील साखर स्नायूंकडून वापरली जाते, रक्तवाहिन्या लवचिक राहतात.

मग करावे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी सांगितले, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रम. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा चालीने रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाललात की दीडशे झाली. दहा हजार पावलांचे दडपण नको. तो आकडा १९६५ साली जपानात निघालेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. मात्र चालताना छाती दाटली, तर हट्ट न करता डॉक्टर गाठावा.

मॉरिस स्वतः हॅम्पस्टेड हीथच्या मैदानावर धावत. २००९ साली, नव्व्याण्णव वर्षांचे होऊन ते वारले. आमचे बाबा सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले. अखेरच्या महिन्यापर्यंत दूध आणायला तेच खाली उतरत. मुंबईच्या त्या जुन्या डबल-डेकर २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. मी मात्र आता एक थांबा आधी उतरतो आणि चार मजले चढून घरी येतो. तिसऱ्या मजल्यावर दम खातो, तेव्हा बाबांचा पंच कानात वाजतो.

वाचकहो, यंदा शेजारीपाजारी फराळाची ताटे मुलांच्या हाती पाठवू नका. स्वतः घेऊन जा, आणि जिन्याने जा. करंज्या हलक्या हाताने धरा!