तीन मिलिमीटरवर 450 टन

बोकडाच्या मांडीचं हाड सांध्यापाशी सुटं केलं, की टोकाला निळसर-पांढरी, ओलसर टोपी दिसते. तिच्यावर बोट ठरत नाही, घसरतं. ही कूर्चा. आपल्या गुडघ्यात हीच असते आणि घरोघरी तिला ‘गादी’ म्हणतात. जाडी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर.

सपाट रस्त्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. 60 किलो वजनाच्या बाईने दिवसभरात 6000 पावलं टाकली, तर एकेका गुडघ्याच्या वाट्याला 3000 येतात. बेरीज करून बघा: साडेचार लाख किलो. 450 टन, तेही एका दिवसात! जिने यात धरलेलेच नाहीत.

एवढं सोसणाऱ्या गादीत रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाही. एका घन मिलिमीटरमध्ये दहाएक हजार पेशी असतात, पण त्या जागा व्यापतात दोन टक्क्यांहून कमी. बाकी बहुतेक पाणी आणि कोलॅजन या प्रथिनाचं जाळं. त्या जाळ्याचा अर्धा भाग बदलायला लागणारा काळ संशोधकांनी काढला, तो निघाला 117 वर्षं! कातडीत हेच काम 15 वर्षांत होतं. खालचं हाड तर दरवर्षी सुमारे दहावा हिस्सा नवा करतं. म्हणून मोडलेलं हाड जुळतं आणि गादीला पडलेला खड्डा तसाच राहतो. शरीररचनेचे अभ्यासक विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये 1743 साली हेच सांगितलं होतं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी 1987 मध्ये वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच गुडघ्यातून, जिथे भार कमी तिथून, 300 ते 500 मिलिग्रॅम कूर्चा काढायची. हे वजन वीसएक तांदळाच्या दाण्यांचं. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि 26 ते 50 लाख पेशी खड्ड्यात सोडून वर हाडावरच्या पातळ आवरणाचा तुकडा शिवायचा. 1994 मध्ये 23 रुग्णांचे निकाल छापून आले. मांडीच्या हाडाच्या टोकाला खड्डा असलेल्या 16 पैकी 14 जणांना चांगला गुण आला. गुडघ्याच्या वाटीमागे खड्डा असलेल्या सातांपैकी फक्त दोघांना.

हे खड्डे मोजके होते. झिजून सपाट झालेला गुडघा ही निराळी गोष्ट, आणि 2020 मध्ये सांध्यांच्या झिजेचे रुग्ण जगभरात 59.5 कोटी होते. ‘अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं (स्टेम सेल) एक इंजेक्शन, गादी परत’ असं कुणी सांगितलं की मला राग येतो. अस्थिमज्जेतल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे मूळपेशी सापडते एखादीच.

गोथेनबर्गची पद्धत आता बरीच सुधारली आहे, पण खड्डा भरल्यावर कुबड्या अजून सुटलेल्या नाहीत. त्या कोवळ्या थरावर पूर्ण भार टाकायला कित्येक आठवडे थांबावं लागतं.