विश्लेषण : मोबाइल बघून हातचलाखी येते का?

चाकणजवळचे आंबेठाण हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते शेतकरी संघटनेच्या शरद जोशींमुळे. याच गावात १९२४ मध्ये रघुवीर भोपळे जन्मले. पुढे ते ‘जादूगार रघुवीर’ म्हणून देशविदेशात गाजले आणि त्यांच्या घरात जादूची परंपरा तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचली. त्या काळी जादू शिकायची तर गाव सोडायचे, जाणता माणूस शोधायचा आणि तो शिकवेल तेवढे पदरात पाडून घ्यायचे, एवढाच मार्ग होता. आज त्याच आंबेठाणच्या आसपास कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या कामगाराच्या खिशातल्या मोबाइलवर जगातल्या नामवंत जादूगारांचे धडे आहेत, त्यातले कित्येक फुकट. तरीही पत्त्यांची अवघड जादू करणारे हात दुर्मीळच दिसतात. असे का?

‘अवघड’ हातचलाखी म्हणजे नेमके काय?

एकवीस पत्त्यांचे तीन ढीग करून मनातला पत्ता ओळखण्याचा खेळ मराठी घरांत बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो गणितावर चालतो. बोटांना त्यात काही काम नसते. हातचलाखी तिथून पुढे सुरू होते. दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणे, पत्ता तळहातात दडवूनही हात मोकळा वाटावा असा ठेवणे, कॅट पिसल्याचा भास निर्माण करून एकही पत्ता न हलवणे, वरचा पत्ता जागेवर ठेवून त्याच्या खालचा वाटणे, ही तिची काही उदाहरणे. एका पत्त्याची जाडी साधारण तीन दशांश मिलिमीटर. वरून नेमके दोनच पत्ते सुटे करणे आणि तेही न बघता, यासाठी अंगठ्याला किंवा करंगळीला तेवढा फरक जाणवावा लागतो.

सर्वांत देखणा प्रकार ‘फारो’. कॅटचे २६-२६ असे दोन भाग करून पत्ते एकाआड एक, एकही न चुकता गुंफायचे. वरचा पत्ता वर आणि खालचा खाली राखून हे ओळीने आठ वेळा जमले, तर ५२ पत्ते मूळ क्रमाने परत येतात. उलट साधे, ओबडधोबड पिसणे सात वेळा केले की कॅट पुरेसा मिसळतो, असे गणितज्ञ डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. यातले डायकोनिस वयाच्या चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगार डाय व्हर्नन यांच्याबरोबर भटकंतीला निघालेले. गणित त्यांच्या आयुष्यात नंतर आले.

ही विद्या पडद्यावर कधी आली?

आधी ती पुस्तकात आली. एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने लिहिलेले ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे पुस्तक १९०२ मध्ये शिकागोत निघाले. लेखक खरा कोण, यावर आजही वाद आहे. शंभरावर रेखाचित्रे असलेले हे पुस्तक कॅनडात जन्मलेल्या व्हर्नन यांनी पोरवयातच घोकून टाकले आणि पुढे अनेक पिढ्या घडवल्या. म्हातारपणी त्यांचे धडे व्हिडीओ कॅसेटवर चित्रित झाले. मग डीव्हीडी आल्या, २००५ मध्ये यूट्यूब आले. आपल्याकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि अर्डनेसचे एकेक पान कोणीतरी बोटांनी करून दाखवतो आहे, हे चिखली-मोशीतल्या खोलीत बसून पाहता येऊ लागले.

व्हिडीओने काय सोपे केले?

पुस्तकातले वाक्य आणि प्रत्यक्ष हालचाल यांत मोठे अंतर असते. ‘अनामिकेने खालच्या कोपऱ्यावर किंचित दाब द्या’ यातले ‘किंचित’ म्हणजे किती, हे पुस्तक सांगू शकत नाही. व्हिडीओत हालचालीची लय दिसते. पाव वेगाने पाहता येते, थांबवता येते, हवा तो क्षण शंभर वेळा फिरवता येतो. गुरूकडे हे मागायची सोय नव्हती. तिसऱ्यांदा विचारले की तो वैतागायचा.

दुसरा फायदा शिकणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा येतो. मोबाइल फक्त दाखवत नाही, टिपतोही. आरशासमोर सराव करणाऱ्याची एक खोड जादूगारांमध्ये प्रसिद्ध आहे. चोरटी हालचाल करताना तो नेमका त्याच क्षणी डोळे मिचकावतो आणि स्वतःचीच चूक त्याला दिसत नाही. मोबाइल टेबलावर उभा करून स्वतःचे चित्रण केले की ही फसगत संपते. मात्र समोरचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा अनेकदा उजवे-डावे उलटे दाखवतो. शिकवणाऱ्याचा हातही समोरून चित्रित असेल तर गोंधळ आणखी वाढतो. खांद्यावरून किंवा डोक्यावरून चित्रित केलेले धडे त्यासाठी बरे.

मग पाहून येते असे का वाटते?

याचे उत्तर शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांच्या २०१८ मधल्या प्रयोगांत मिळते. टेबलावरच्या बशा न हलवता खालचे कापड झटक्यात ओढण्याची करामत त्यांनी लोकांना व्हिडीओत दाखवली. काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असा विश्वास बराच जास्त वाटला. बाण नेमक्या जागी फेकण्याच्या प्रयोगातही तेच घडले आणि प्रत्यक्ष फेकायला लावल्यावर त्यांचा नेम इतरांपेक्षा काही सरस निघाला नाही. एका प्रयोगात झेलण्याच्या वस्तू पाहणाऱ्यांच्या हातात नुसत्या धरायला दिल्या. वजन आणि आकार जाणवताच फुगलेला विश्वास खाली आला.

पत्त्यांचे तसेच आहे. रात्रपाळीनंतर पलंगावर पडून चाळीस व्हिडीओ पाहणे हा सराव नव्हे. अमेरिकेतील रिचर्ड टर्नर यांची दृष्टी लहानपणापासून जात गेली आणि ते पूर्ण अंध झाले. व्हर्नन यांचे मार्गदर्शन लाभलेले टर्नर दुसऱ्या क्रमांकाचा पत्ता वाटण्यात जगातल्या मोजक्या लोकांत गणले जातात. दिवसचे दिवस कॅट हातात ठेवून त्यांनी हे मिळवले. त्यांच्यावरचा ‘डेल्ट’ हा माहितीपट २०१७ मध्ये आला. ही विद्या शेवटी बोटांच्या कातडीत मुरते, डोळ्यांचा वाटा त्यात फार थोडा, याला याहून बोलका पुरावा नाही.

चौकटीबाहेर काय राहते?

खरी अडचण इथे आहे. बहुतेक धड्यांत कॅमेरा दोन हातांवर रोखलेला असतो, जादूगाराचा चेहरा चौकटीत नसतोच. आणि फसवणुकीचा निम्म्याहून मोठा भाग चेहऱ्यावर घडतो.

गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो. तिसऱ्या वेळी तो फक्त उडवल्याचा अभिनय करतो. चेंडू हातातच दडलेला असतो. ‘वर जाणाऱ्या’ चेंडूकडे तो स्वतः मान वर करून पाहतो, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रेक्षक चेंडू वर जाऊन हवेत नाहीसा झाला असे सांगतात. कधी उडालाच नाही तो चेंडू त्यांना दिसलेला असतो! जादूगाराने नजर हातावरच ठेवली की हा परिणाम बराच ओसरतो. हात दोन्ही वेळा तेच करत होते. फरक पडला तो नजरेने.

स्पेनचे पत्तेजादूगार हुआन तामारिझ यांनी जादूतली पाच साधने सांगितली आहेत : नजर, आवाज, हात, पाय आणि शरीर. हातांचे व्हिडीओ पाहून शिकणारा यातले एक साधन शिकतो आणि उरलेली चार आपोआप येतील असे धरून चालतो. म्हणून त्याचे हात बरोबर असूनही तो पकडला जातो. अवघड हालचालीच्या क्षणी तो श्वास रोखतो, खांदे आखडतात, बोलणे तुटते आणि डोळे हातावर खिळतात. समोरच्याला काय झाले ते कळत नाही, पण ‘आत्ता काहीतरी केलेस’ हे नेमके कळते.

अनुभवी जादूगार त्याच क्षणी मान वर करून विचारतो, ‘पत्ता लक्षात आहे ना?’ विचारल्यावर माणूस चेहऱ्याकडे बघणारच. तेवढ्या अर्ध्या सेकंदात काम होते. हा अर्धा सेकंद व्हिडीओपुढे बसून शिकता येत नाही, कारण व्हिडीओ उत्तर देत नाही. त्यासाठी माणूस लागतो. संशयी असला तर अधिक चांगले.

भाषेचा प्रश्नही यालाच जोडून आहे. चांगले धडे बहुतेक इंग्रजीत. त्यातले बोलणेही जसेच्या तसे उचलले जाते आणि खोलीतल्या सोबत्यांपुढे ते पाठ केलेल्या भाषणासारखे वाजते. ‘क्वीन ऑफ स्पेड्स’पेक्षा ‘इस्पिकची राणी’ म्हणणाऱ्याला गप्पा मारता मारता हात चालवता येतो.

कारखान्यातल्या हातांना सोपे जाते का?

इंग्रजीत पत्ते हवे तसे वळवणाऱ्या पत्तेबाजाला ‘मेकॅनिक’ म्हणतात आणि कॅट डाव्या हातात धरण्याची एक प्रसिद्ध पद्धत ‘मेकॅनिक ग्रिप’ : तर्जनी पुढच्या कडेला, उरलेली तीन बोटे बाजूला, अंगठा वर. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा शब्द ऐकून हसू येईल. पण साम्य अगदीच वरवरचे नाही. मायक्रोमीटर किंवा व्हर्निअर रोज हाताळणाऱ्याला मिलिमीटरच्या अंशाची जाण असते, आणि तेच काम हजारदा एकाच तऱ्हेने करण्याचा कंटाळा त्याने आधीच जिंकलेला असतो. अडथळेही त्याच कामातून येतात. कोरडी, खरखरीत झालेली बोटे पत्ता नीट सरकवू देत नाहीत. अगदी गुळगुळीत प्लास्टिकचे पत्तेही सुरुवातीला त्रास देतात. हलका खडबडीत पोत असलेले कागदी पत्ते बरे. आणि फिरत्या पाळ्यांमुळे सरावाची ठरावीक वेळ सापडत नाही. रोजची वीस मिनिटे सुट्टीच्या दिवशीच्या चार तासांपेक्षा उपयोगी पडतात, हे कोणताही तबलजी सांगेल.

हातात पत्ते दिसले की जुगारच?

भाड्याच्या खोलीत कॅट दिसला की घरमालकाच्या कपाळावर आठी पडते. ‘पत्ते कुटतो’ हा आपल्याकडे शेराच आहे. कायद्याच्या दृष्टीने, १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा रोख पैसे किंवा पैशाचे मोल असलेली वस्तू पणाला लावून खेळण्यावर आहे. जादू दाखवण्यात पण लागत नाही. मात्र हीच बोटे तीनपत्तीच्या डावात वापरली तर ती उघड फसवणूक. अर्डनेसचे पुस्तक मुळात जुगारी पत्तेबाजीचेच आहे, त्यामुळे हा धोका काल्पनिक मानायचे कारण नाही. चांगला जादूगार मित्रांबरोबर पैसे लावून बसत नाही. हरला तर नाव जाते, जिंकला तर मित्र.

गुपित फुटले तर जादू संपते का?

शिकवणे आणि उघडे पाडणे यांत फरक आहे. क्लिक मिळवण्यासाठी तीस सेकंदांत दुसऱ्याची करामत फोडणारे व्हिडीओ भरपूर आहेत. ते पाहून कोणी जादूगार होत नाही, फक्त पुढचा खेळ पाहण्यातली मजा जाते. कॉपीराइट कायदा क्लृप्तीच्या कल्पनेला संरक्षण देत नाही; ती ज्या व्हिडीओत किंवा पुस्तकात मांडली आहे त्या मांडणीला देतो. म्हणजे विकत घ्यायचे धडे ग्रुपवर फुकट फिरवणे बेकायदा, आणि एखाद्याची नवी क्लृप्ती त्याला न विचारता शिकवणे कायद्यात बसले तरी जादूगारांच्या बिरादरीत अक्षम्य.

ऑनलाइन जादूला आता प्रतिष्ठाही मिळते आहे. २०२५ मध्ये इटलीत तुरीन येथे झालेल्या ‘फिस्म’ या जागतिक जादू स्पर्धेत सुहानी शहा यांना ऑनलाइन सादरीकरणासाठीचा ‘बेस्ट मॅजिक क्रिएटर’ पुरस्कार मिळाला.

शिकल्यावर दाखवायचे कुठे?

चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह किंवा पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर या खेळासाठी नाही. दहाव्या रांगेतून बदामाची दुर्री आणि चौकटची दुर्री सारखीच दिसते. पत्त्यांची हातचलाखी आठ-दहा माणसांच्या अंतरावरची कला आहे. कंपनीच्या बसमधला शेजारी, खानावळीतले टेबल, मंडळाच्या मांडवात आरतीनंतर रेंगाळणारे चार जण, हा तिचा खरा प्रेक्षक. मंडळांच्या मोठ्या कार्यक्रमांत काही जादूगार हातांवर कॅमेरा लावून ते चित्र एलईडी पडद्यावर दाखवतात. पत्ते मग शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसतात, पण पडद्यावर पुन्हा फक्त हातच असतात.