बोटे पांढरी पडतात तेव्हा

गेल्या हिवाळ्यात बत्तिशीचा एक तरुण दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, सकाळी मोटारसायकल चालवताना उजव्या हाताची दोन बोटे पांढरीफटक पडतात. टाचणी टोचली तरी कळत नाही. ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात." घरच्यांनी वात समजून तेल चोळून पाहिले होते. रक्तातील साखर तपासली, ती ठीक होती. मनगटात नस दबल्याची लक्षणेही नव्हती. मग कामाबद्दल विचारले. एका कारखान्यात आठ वर्षे तो हवेवर चालणाऱ्या गनने नट आवळत होता.

हा विकार जुना आहे. अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेची छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटांमध्ये तो पाहिला होता. सततच्या कंपनाने बोटांतील बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू दुखावतात. मग थंडी लागताच रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त बोटापर्यंत पोचत नाही. तंबाखू त्यात भर घालतो.

"पण आमची गन पल्सची आहे, तिला हादरा कमी," तो म्हणाला. खरे आहे. साध्या इम्पॅक्ट गनमध्ये लोखंडावर लोखंड आपटते, पल्स गनमध्ये मधे तेल असते, त्यामुळे धक्का सौम्य होतो. मात्र त्याच्या गनचा जोर गेला होता. पूर्वी क्षणात बसणाऱ्या नटाला आता तीन सेकंद घोडा दाबून धरावा लागे. हिशेब करा: पाळीत हजार नट, प्रत्येकी एक सेकंद, म्हणजे सतरा मिनिटे कंपन. तीन सेकंद लागले तर पन्नास मिनिटे!

मी काही फिटर नव्हे. पुढच्या खेपेला त्याने आपल्या मेंटेनन्सच्या मिस्त्रींना सोबत आणले. त्यांचे म्हणणे असे, की बहुतेक गनना चालू असताना गनपाशीच सुमारे ६.३ बार दाब मिळायला हवा. कॉम्प्रेसरचा काटा सातवर असला तरी लांब, बारीक नळी आणि गळके जोड तो वाटेतच खातात. दुसरे कारण आतले तेल. ते तापून खराब झाले किंवा कमी झाले, की ठोके दुबळे पडतात. अशा वेळी लोक नुसता दाब वाढवतात. ते चूक, कारण त्याने गन झिजते आणि नटही प्रमाणाबाहेर आवळला जातो. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल भरावे, झिजलेला सॉकेट बदलावा, हवेच्या फिल्टरमधले पाणी काढावे आणि मग टॉर्क मोजून पाहावा.

माझी त्यात दोनच वाक्यांची भर. गनमधून बाहेर पडणारी गार हवा बोटांवर येऊ देऊ नका. आणि हातमोज्यांनी ऊब मिळते, पण कंपन थांबेल अशा भरवशावर राहू नका. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तरी लगेच दाखवा. सुरुवातीला काम बदलले तर सुधारणेला वाव असतो, उशीर झाला की फारसे हाती राहत नाही.

त्या तरुणाची गन दुरुस्त झाली आणि साहेबांनी त्याला काही महिने पॅकिंगला घेतले. आता एकच बोट पांढरे पडते, तेही कडक थंडीत. तंबाखूची पुडी मात्र अजून खिशात असते.