बिळाचे दार बंद असताना

अमेरिकेच्या नैऋत्येकडील ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास या राज्यांत उन्हाळी पावसाच्या रात्री एक काळाकभिन्न जीव जमिनीवरून संथपणे चालताना आढळतो. पुढे जाडजूड चिमटे, मागे चाबकासारखी बारीक शेपटी. हा विंचूच, असे पाहणाऱ्याला वाटते; परंतु त्या शेपटीला नांगी नाही आणि शरीरात विषही नाही. हा चाबूक विंचू. काचपेटीत आगळेवेगळे जीव पाळणाऱ्या छंदिष्टांमध्ये त्याने मानाचे स्थान मिळविले आहे.

त्याचे स्थानिक नाव ‘व्हिनेगरून’. ते पडले त्याच्या संरक्षणाच्या रीतीवरून. डिवचला गेला की शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून तो नेमक्या दिशेने फवारा सोडतो. कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस आइसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली या द्रवाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात ८४ टक्के ॲसेटिक आम्ल आणि ५ टक्के कॅप्रिलिक आम्ल होते. स्वयंपाकघरातील शिरक्यात ॲसेटिक आम्लाचे प्रमाण जेमतेम ४-५ टक्के असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अस्त्राची धार कळते. दुसरे आम्ल अल्प असले तरी किड्यांच्या मेणचट कवचातून आत शिरण्यास तेच वाट करून देते. माणसाच्या त्वचेला सहसा मोठी इजा होत नाही. डोळे मात्र जपावेत.

पालनाची सामग्री साधी आहे. काचपेटीत १५ ते २० सेंटीमीटर ओलसर, दाबली असता घट्ट बसणारी माती, उथळ पाणवाटी, आडोशाला झाडाची साल आणि आठवड्याला एखाददुसरा रातकिडा. प्रखर दिवा नको. हा जीव अंधाराचा. एका पेटीत दोन विंचू ठेवू नयेत, कारण ते परस्परांना खाऊ शकतात. आठ पायांपैकी पुढची लांब जोडी चालण्यासाठी नसतेच. आंधळ्याने काठी फिरवावी तशी ती फिरवीत तो भक्ष्याचा वेध घेतो. हे दृश्य पाहण्यासाठीच अनेकजण रात्री जागतात.

खरी कसोटी असते ती काहीच दिसत नसताना. वयात येईपर्यंत हा जीव चार वेळा कात टाकतो, तीही साधारणपणे वर्षातून एकदा. त्यापूर्वी तो बिळाचे तोंड मातीने बंद करून कित्येक महिने आत राहतो. नवख्या पालकाला वाटते, प्राणी मेला. तो माती उकरतो आणि नुकती कात टाकलेले, पांढरे, मऊ शरीर त्या धक्क्याने कायमचे वाकडे होते किंवा संपते. ही चूक फार महागात पडते, कारण बाजारात येणारे बहुतेक चाबूक विंचू रानातून पकडलेले असतात आणि गेलेल्या एकाची जागा भरून निघण्यास निसर्गाला तीन-चार वर्षे लागतात.

चाबूक विंचवाच्या काही जाती भारतातही पश्चिम घाटात आणि ईशान्येच्या दमट जंगलांत आहेत. त्यांना दगडाखालीच पाहावे हे बरे. अभयारण्यातून वा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून प्राणी उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते.

बंद बिळात कधी मादी असते. पोटाखालच्या पातळ पिशवीत तीस-चाळीस अंडी, ती मातीला टेकू नयेत म्हणून कमान केलेले पोट, आणि महिनोन्‌महिने अन्नाचा कणही नाही. पिल्ले बाहेर पडताच तिच्या पाठीवर चढतात, पुढची कात टाकेपर्यंत तिथेच बिलगून राहतात. ती पांगली की मादी थोड्याच काळात मरते. ज्याने या काळात माती उकरली नाही, त्याच्यापुढे मग वेगळाच प्रश्न उभा राहतो : तीस-चाळीस पिल्लांसाठी तितक्याच निरनिराळ्या डब्या आणायच्या कोठून, आणि मांडायच्या कोठे?